ठेकेदार आणि मिस्त्री यांच्यामध्ये उभा असलेला सुपरवायझर

इंदूर आणि आसपासच्या भागातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बांधकामावर सुपरवायझर म्हणून काम करणाऱ्या तरुणांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. बायपासच्या आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूने इमारती उभ्या राहत आहेत आणि डिप्लोमा पूर्ण केलेल्या आपल्या घरांतल्या मुलामुलींना पहिली नोकरी अनेकदा तिथेच मिळते. त्यांतील काही प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी 23 वर्षांचा असून सिव्हिलचा डिप्लोमा करून एका चार मजली इमारतीवर सुपरवायझर म्हणून लागलो आहे. वीटकामाचे मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मी सांगतो ते ऐकून घेतात, पण काम स्वतःच्याच पद्धतीने करतात. आवाज चढवला तर मजूर हसतात आणि गप्प राहिलो तर ठेकेदार रागावतो. या लोकांवर माझा वचक कसा बसेल? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर : वचक बसवण्याचा विचार आधी मनातून काढून टाका, कारण त्या वाटेने गेलेले अनेक सुपरवायझर वर्षभरात साइट सोडून जातात. ज्याच्या हातात आयुष्यभर थापी राहिली आहे त्या माणसाला विटा कशा रचाव्यात हे तुम्ही शिकवू शकणार नाही आणि ते तुमचे कामही नाही. मिस्त्रीजवळ जे नसते ते तुमच्याजवळ आहे, म्हणजे नकाशा, लेव्हल, मापे आणि संपूर्ण इमारतीच्या कामाचा क्रम. भिंत कुठून सुरू होणार, दाराचे माप किती, लिंटेल (दाराखिडकीवरचा आडवा बीम) कोणत्या उंचीवर येणार, नळाचा पाइप कोणत्या भिंतीतून जाणार, ही माहिती काम सुरू होण्याआधी त्याला तुमच्याकडून मिळू लागली, तर काही दिवसांतच तो सकाळी तुमची वाट पाहू लागेल. आज बहुधा उलटे होत असावे : तो काम करून मोकळा होतो आणि तुम्ही नंतर येऊन चूक दाखवता.

त्यामुळे टोळीच्या आधी साइटवर पोहोचा. आखणी मिस्त्रीला बरोबर घेऊन करा, कोपऱ्याचा काटकोन 3, 4 आणि 5 च्या मापाने (एका बाजूवर 3, दुसरीवर 4 आणि तिरपे 5) दोघांनी मिळून तपासा, पाणनळीने लेव्हल घेऊन कॉलमवर खुणा करा आणि पहिला थर बसताच दोरी व ओळंबा लावून पाहा. चूक दुसऱ्या थरावर दाखवली तर मिस्त्री दोन विटा उचलून पुन्हा बसवतो आणि विषय तिथेच संपतो. तीच चूक भिंत छातीइतकी वर आल्यावर दाखवली, तर त्याची अर्ध्या दिवसाची मेहनत, हाताखालच्या माणसांसमोरची त्याची प्रतिष्ठा आणि ठेकेदाराचे साहित्य असे सगळेच पणाला लागते, आणि मग भांडण टळत नाही. चूक सांगतानाही ‘तुमचे चुकले’ असे म्हणण्यापेक्षा ओळंबा त्याच्याच हातात द्या. ओळंबा काय दाखवतो हे त्याला तुमच्यापेक्षा लवकर दिसते.

मजुरांना परस्पर हुकूम देऊ नका. टोळी मिस्त्रीची किंवा मुकादमाची असते आणि त्याला वगळून त्याच्या माणसांना कामे सांगितली की तो अपमान तो विसरत नाही. त्याच वेळी प्रत्येक मजुराचे नाव तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. इंदूरच्या साइटवर झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन या भागांतून आलेली पुष्कळ माणसे असतात. ती आपसांत भिली किंवा निमाडी बोलतात आणि आपल्याशी हिंदीत बोलतात. ‘हो साहेब’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका, कारण समजले नाही तरी संकोचाने तेच उत्तर येते. काय करणार ते एकदा जागेवर दाखवायला सांगावे.

मात्र काही बाबतींत एक पाऊलही मागे हटू नका : कॉलमची सळई आणि रिंगांतील अंतर, कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून दूर ठेवणारे ठोकळे), न भिजवता लावलेल्या विटा, पडून राहिलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरणे. कॉलमला 40 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, हवे असताना सळई फळीला चिकटलेली दिसली, तर काँक्रीट सुरू होऊ देऊ नका, मग गाडी दारात उभी का असेना. ओरडण्याची गरज नाही. काम थांबवा, कारण सांगा आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथेच उभे राहा. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. वाळूच्या किंवा खडीच्या गाडीवाल्याकडून एक रुपयाही घेऊ नका. साइटवर ही बातमी त्याच दिवशी सर्वांना कळते आणि त्यानंतर मिस्त्रीला निकृष्ट कामाबद्दल बोलण्याचा तुमचा अधिकार संपलेला असतो.

प्रश्न : आमच्या ठेकेदारांना दुसऱ्या साइटसाठी सेंट्रिंगच्या (ओल्या काँक्रीटला खालून आधार देणाऱ्या साच्याच्या) प्लेटा आणि टेकू हवे आहेत. स्लॅब भरून पाचच दिवस झाले आहेत आणि ते मला सर्व काढून पाठवायला सांगत आहेत. खोल्या साधारण चार मीटरच्या आहेत. इंजिनिअर आठवड्यातून एकदाच येतात. मी काय करावे? (एक वाचक, राऊ)

उत्तर : टेकू काढू नका. भारतीय मानक 456 मध्ये, साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि हवेचे तापमान 15 अंशांच्या खाली जात नसेल, तर किती दिवस थांबावे हे स्पष्ट दिले आहे. कॉलम, भिंती आणि बीमच्या उभ्या बाजूंच्या फळ्या 16 ते 24 तासांनी काढता येतात. 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवस ठेवायचे असतात. 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू 14 दिवस आणि त्याहून लांब बीमखालचे 21 दिवस हलवायचे नसतात. तुमच्या खोल्या चार मीटरच्या असल्या तरी त्यांच्या कडेचे बीम विसरू नका, कारण घाईत काढणारी टोळी स्लॅब आणि बीम असा फरक करीत नाही.

हे आकडे किमान मर्यादेचे आहेत. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) असते आणि त्याची ताकद सुरुवातीच्या दिवसांत हळू वाढते. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातल्या रात्री 15 अंशांच्या बऱ्याच खाली जातात. या दोन्ही कारणांनी मुदत वाढवावी लागते आणि ती किती वाढवायची हे इंजिनिअरने ठरवायचे असते. वरच्या मजल्याचे सेंट्रिंग याच स्लॅबवर उभे राहणार असेल, तर त्या ओल्या काँक्रीटचा भार खालच्या मजल्याने पेलायचा आहे, हेही लक्षात ठेवा. छज्जा आणि बाल्कनी यांचे टेकू तर इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय मुळीच काढू नयेत, कारण त्यांना फक्त मागच्या बाजूने आधार असतो.

ठेकेदाराची अडचण खोटी नाही, प्लेटांचे भाडे रोज चढत असते. त्यामुळे नुसता नकार देण्यापेक्षा मार्गही सुचवा. त्याच मानकानुसार स्लॅबच्या खालच्या प्लेटा 3 दिवसांनंतर काढता येतात, परंतु त्या काढताक्षणी टेकू पुन्हा लावायचे असतात. इंजिनिअरने फोनवर विचारपूस करून लेखी होकार दिला, तर एकेक पट्टा मोकळा करीत, टेकू लगेच परत ठोकत प्लेटा सोडवता येतील आणि अडकून राहतील ते फक्त टेकू. पीपीसी असल्यास इथेही दिवस वाढतील. हा संदेश ठेकेदार आणि इंजिनिअर अशा दोघांनाही एकाच वेळी लिहून पाठवा, स्लॅब भरल्याची तारीख त्यात घाला आणि साइटच्या डायरीतही नोंद करा. तोंडी आदेशावर टेकू काढले गेले आणि काही विपरीत घडले, तर त्या क्षणी साइटवर तुम्हीच असाल आणि स्लॅबखाली मजूर असतील.

प्रश्न : मे महिन्यात तयार काँक्रीटची गाडी रहदारीत अडकून उशिरा पोहोचते आणि ड्रायव्हर पाइपाने पाणी सोडून ते पातळ करतो. हे चालते का? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : चालत नाही. पातळ काँक्रीट पसरायला सोपे जाते, पण जास्तीच्या पाण्याने त्याची ताकद घटते आणि पुढे भेगा पडतात. प्लांटमध्ये गाडी भरल्याची वेळ चलानावर असते, ती आधी वाचा. साधारणपणे त्या वेळेपासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे याचे माप, तपासा, तो ठरल्यापेक्षा कमी असेल तर प्लांटच्या माणसाला बोलवा आणि गरज असेल तर त्यांचेच रसायन त्यांच्याच देखरेखीत घालू द्या. ताकद तपासण्यासाठी 150 मिलिमीटरचे क्यूब गाडीतल्या काँक्रीटचेच भरा आणि त्यांवर तारीख व जागा लिहा. उन्हाळ्यात स्लॅब शक्यतो संध्याकाळी भरावा आणि पृष्ठभाग सुकू लागण्यापूर्वी ओली पोती टाकावीत. कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस आणि पीपीसी असेल तर 14 दिवस पाणी मारत राहावे. हे काम ज्याचे हात रिकामे आहेत त्याच्यावर सोडले की रविवारी ते कोणीच करीत नाही, म्हणून त्यासाठी एक माणूस नावानिशी नेमा.

प्रश्न : होळीच्या आधी माझी जवळजवळ सगळी टोळी गावी जाते आणि परत येण्याचा भरवसा नसतो. ठेकेदार म्हणतात की आठवड्याची मजुरी रोखून धरा, म्हणजे ते परततील. मला हे बरे वाटत नाही. (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर : तुम्हाला बरे वाटत नाही ते योग्यच आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार आणि बडवानी भागात भगोरियाचे, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या उत्सवाचे, हाट भरतात. वर्षभर परगावी विटा वाहणारा माणूस त्या दिवसांत आपल्या माणसांत जाणारच. पाऊस पडला की पेरणीलाही तो जाणार. हे दरवर्षीचे आहे, मग ते कामाच्या वेळापत्रकात आधीच का धरू नये? होळीची तारीख पाहून त्याआधी स्लॅब भरून घ्या, म्हणजे टोळी गावी असताना टेकूंची मुदत चालू राहील. पाणी मारण्यासाठी मात्र स्थानिक माणसांची व्यवस्था करा.

मजुरी रोखून धरणे हे बेकायदेशीर आहे आणि त्याने माणूस बांधलाही जात नाही. उलट तो गावी जाऊन दहा घरांत सांगतो की या साइटवर पैसे बुडतात. जाण्याच्या आदल्या दिवशी उचल वजा करून पूर्ण हिशेब करा, हिशेब मोठ्याने वाचून दाखवा आणि परतण्याचा दिवस मुकादमाशी बोलून ठरवा. ज्या साइटवर शनिवारचा चुकारा शनिवारीच होतो, तिथे टोळ्या स्वतःहून परत येतात. ठेकेदाराकडून वेळेवर पैसे आणवणे हे सुपरवायझरच्या कामांपैकी सर्वांत कठीण काम आहे, हे मी जाणतो. त्यासाठी हजेरीचा गोषवारा गुरुवारीच त्यांच्या हातात पोहोचला पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे स्त्री मजुरांना पुरुष मजुरांपेक्षा कमी रोज दिला जातो. दोघेही तेवढ्याच पाट्या उचलतात. एका बाईने मला कारण विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. तिचे लहान मूल दिवसभर साइटवर खेळत असते. (एक वाचक, देवास रस्ता)

उत्तर : तिला देण्यासारखे उत्तर नाहीच. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या 39 व्या कलमात आहे आणि त्यासाठी 1976 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. एकाच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीला कमी पैसे देणे हा गुन्हा आहे. दर तुम्ही ठरवत नाही, परंतु मस्टर, म्हणजे हजेरीची वही, तुम्ही भरता. त्यात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोन दर लिहिण्याऐवजी कामाचा प्रकार लिहा, म्हणजे पाटी वाहणे, मसाला कालवणे, पाणी मारणे. मग एकाच कामापुढे दोन आकडे लिहिताना ठेकेदाराला स्वतःच विचार करावा लागेल, आणि तपासणी झाली तर काय दिसेल हे त्यांना सौम्य शब्दांत सांगता येईल.

मुलांविषयी. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया जिथे कामावर असतात तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देणे बंधनकारक केले. लहान साइट या नियमातून सुटतात, पण धोका लहान साइटवरही तेवढाच असतो. पाण्याची उघडी टाकी, लिफ्टचा खड्डा, खिळे असलेल्या फळ्या आणि मागे येणारा ट्रक यांची भीती मला सर्वांत जास्त वाटते. टाकीवर झाकण आणि खड्ड्याभोवती कठडा आजच्या आज करा. एका खोलीत सावली, पिण्याचे पाणी आणि मुलांकडे पाहण्यासाठी रोजावर एक बाई, एवढी व्यवस्था होऊ शकते. मुले सुरक्षित आहेत हे दिसल्यावर आयांचेही कामात लक्ष लागते. ठेकेदाराला पटवताना हे कारण पुढे करा.

प्रश्न : बाहेरच्या गिलाव्याचे काम सहाव्या मजल्यावर सुरू आहे. सेफ्टी बेल्ट आणले आहेत, पण मजूर ते घालत नाहीत, म्हणतात की त्यात काम होत नाही. मी रोज सांगून थकलो आहे. (एक वाचक, विजयनगर)

उत्तर : सांगणे थांबवा आणि एकदा स्वतः बेल्ट घालून त्या परांचीवर उभे राहा. बऱ्याच साइटवर बेल्ट असतो, पण हूक अडकवायला भक्कम जागाच नसते, आणि मग मजूर तो परांचीच्याच बांबूला अडकवतो किंवा कमरेला लटकत ठेवतो. परांची कोसळली तर असा बेल्ट त्याला तिच्याबरोबरच खाली नेईल. कॉलम किंवा बीममध्ये पक्के बांधलेले आडवे दोर हवेत आणि त्यांवर हूक सरकत गेला पाहिजे, म्हणजे दर दोन हातांवर तो काढावा लागणार नाही. कमरेच्या पट्ट्यापेक्षा खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारा पूर्ण हार्नेस घ्या. परांचीला उभे राहण्यापुरती पूर्ण रुंदीची फळी, बाहेरच्या बाजूला कठडा आणि इमारतीला बांधणी आहे का हे रोज सकाळी पाहा. पाऊस किंवा वारा झाल्यावर पुन्हा पाहा.

घाईचे मूळ बहुतेकदा उक्त्या दरात असते. चौरस फुटावर पैसे मिळणाऱ्या माणसाला दोर अडकवण्यात गेलेला वेळ म्हणजे गेलेली मजुरी वाटते. ठेकेदाराशी बोलून उंचीवरच्या कामाचा दर थोडा वाढवून घ्या आणि बेल्टशिवाय वर गेलेल्या माणसाला त्या दिवशी खालचे काम द्या. हा नियम मुकादमाच्या भावालाही लागू असला पाहिजे.

पायाच्या खोदकामाबद्दलही इथेच लिहितो, कारण उंचीची भीती सर्वांना दिसते आणि खड्ड्याची दिसत नाही. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते आणि पाणी मुरताच कडा ढासळतात. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजू उतरत्या कापा किंवा फळ्या-टेकूंनी आधार द्या, आणि उपसलेली माती कडेपासून दीड मीटर तरी दूर टाका. पावसानंतर कोणी खाली उतरण्यापूर्वी कडा तुम्ही स्वतः पाहा.

आणि मस्टर त्याच सकाळी भरा, संध्याकाळी नाही. अपघात दुपारी झाला आणि मस्टरमध्ये नाव नसेल, तर तो माणूस कामावर होता हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या बायकोला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी 1923 च्या कायद्यापासून मालकावर आहे, पण तिचा आधार तुमची नोंद असते. बांधकाम कामगार म्हणून कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवण्यासाठी वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवसांचे काम लागते. त्या दिवसांचा पुरावाही तुमच्या मस्टरमधूनच तयार होतो. तुमच्या टोळीतल्या किती जणांची नोंदणी झाली आहे ते या आठवड्यात विचारून पाहा. पडलेल्या माणसाला उचलून बसवू नये, मान आणि पाठ हलू देऊ नये, 108 वर फोन करावा, हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

प्रश्न : माझ्या मुलीने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे आणि तिला साइटवरच काम करायचे आहे. नातेवाईक म्हणतात की तिला ऑफिसमध्ये नकाशे काढायला बसवा. आपले मत काय? (एक आई, महू)

उत्तर : ताई, तिला साइटवर जाऊ द्या. आखणी, लेव्हल, सळईची तपासणी, क्यूब, मस्टर, मापांची वही, या कामांत कुठेही स्त्री असण्याने उणेपणा येत नाही, आणि स्त्री मजूर आपल्या अडचणी तिला सांगतील, ज्या पुरुष सुपरवायझरला सांगत नाहीत. मात्र रुजू होण्यापूर्वी तिने चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. साइटवर पाणी असलेले, कडी लागणारे स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, रात्री उशिरा स्लॅब भरला जातो तेव्हा घरी पोहोचवण्याची सोय कोण करील, तिच्या वरचा इंजिनिअर कोण, आणि काम थांबवण्याचा अधिकार तिला नेमणुकीच्या पत्रात दिलेला आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर तिने दुसरी साइट पाहावी.